माहितीपटाचं पार्श्वसंगीत : दिग्दर्शक आणि संगीतकाराने कोणत्या क्रमाने काम करावं

मी ध्वनिमिश्रण करतो. मुलाखतींचे आवाज, सभोवतालचे आवाज आणि संगीत शेवटी माझ्या टेबलावर एकत्र येतात. त्यामुळे दिग्दर्शक आणि संगीतकार यांच्यात जे बोलायचं राहून गेलं, तेही माझ्याच टेबलावर येतं, आणि तेही मिक्सिंगच्या आदल्या रात्री. संगीत वाईट म्हणून अडलेली कामं मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेक वेळा चांगलं संगीत उशिरा मागवलेलं असतं, जुन्या कटवर रचलेलं असतं, किंवा त्याचे कागद झालेले नसतात. म्हणून या लेखात कोणते सूर चांगले हे सांगत बसत नाही, कामाचा क्रम सांगतो.

उदाहरणाला एक काल्पनिक माहितीपट धरू. नदीवर पूल होतो आहे आणि चाळीस वर्षं होडी चालवणारा नावाडी शेवटच्या फेऱ्या मारतो आहे. लांबी ५२ मिनिटं, २५ फ्रेम्स प्रति सेकंद.

## १. संगीतकाराला फोन करण्याआधीची तयारी

संकलनाचा पहिला पूर्ण कट तयार झाला की तो एकदा संगीताशिवाय सलग पाहा. जिथे कंटाळा येतो तिथे वहीत खूण करा. या खुणा संकलकासाठी आहेत. संगीतकाराला त्या दाखवायच्याच नाहीत. रेंगाळणाऱ्या प्रसंगाखाली ताल टाकला की तो प्रसंग ताल असलेला रेंगाळणारा प्रसंग होतो, एवढंच.

मग दुसरी यादी करा : संगीत कुठे नको. माहितीपटात ही यादी आधी लागते, कारण पडद्यावरची माणसं खरी आहेत. नावाडी स्वतःच्या तोंडाने काही सांगत असताना खालून करुण सूर लावला, तर त्याच्या म्हणण्याचा अर्थ आपण लावून मोकळे होतो. कधी तसं करावं लागतं. पण ते ठरवून करावं, सवयीने नको.

याच वेळी तीन कोरड्या गोष्टी लिहून ठेवा. चित्रपटाचा फ्रेम रेट. तो कुठे कुठे दाखवायचा आहे : महोत्सव, टीव्ही, ओटीटी, शाळा-कॉलेजं. आणि संगीताबाबत शेवटचा शब्द कुणाचा. तिसऱ्या प्रश्नाला दोन नावं येत असतील तर पुढे जाऊ नका. दिग्दर्शकाने मान्य केलेला तुकडा निर्मात्याने तीन आठवड्यांनी परत पाठवणं ही या धंद्यातली सर्वांत महागडी सवय आहे.

## २. संगीतकाराला कधी आणायचं

माहितीपटाची गोष्ट संकलनाच्या टेबलावरच लिहिली जाते. म्हणून पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचं संकलन पक्कं झाल्यावर, संगीतकार शोधायला निघणं म्हणजे उशीरच. माझ्या मते योग्य वेळ रफ कटची. प्रसंगांचा क्रम साधारण बसलेला असतो, पण अजून काही हलवता येतं.

हाताशी वेळ असेल तर त्याहूनही आधी आणा. संगीतकाराला न कापलेलं अर्ध्या तासाचं चित्रीकरण द्या आणि तीन-चार सुटे तुकडे मागा, कुठल्याही प्रसंगाला न बांधलेले. संकलक त्यांच्यावर कट लावून पाहतो, आणि कधीकधी प्रसंगाची लय त्या तुकड्यातूनच सापडते. हे काम फुकटात मागू नका. कराराच्या रकमेत ते धरा.

## ३. टेम्प ट्रॅक वापरायचा असेल तर

संकलन करताना दुसऱ्यांचं तयार संगीत तात्पुरतं लावणं सगळेच करतात. चूक त्यात नाही. सहा महिने तेच ऐकत राहण्यात आहे. कान त्याला चिकटतात, आणि मग नवं काहीही आलं तरी ‘हे ठीक आहे, पण ते आधीचं...’ सुरू होतं.

तीन नियम पाळा. टेम्प संगीत नेहमी वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे एका बटणाने बंद करता येईल. प्रत्येक टेम्प तुकड्यापुढे तो का लावला ते एका ओळीत लिहा : ‘वेग हवा होता’, ‘वाद्यं मोजकी आहेत म्हणून’, ‘शेवट अर्धवट सोडला आहे म्हणून’. संगीतकाराच्या उपयोगाची ती ओळ आहे. तुकडा ऐकवायचा की नाही हे त्यालाच विचारा. काहींना ऐकायला आवडतं, काहींना अजिबात नको असतं.

सावधान : ‘अगदी असंच, फक्त थोडं वेगळं’ ही मागणी कधीही करू नका. जवळची नक्कल झाली तर दावा दोघांवरही येऊ शकतो. आणि परवानगी नसलेलं टेम्प संगीत ठेवून केलेली प्रत महोत्सवाच्या निवडीसाठीही बाहेर पाठवू नका. ती कुठे कुठे फिरते हे आपल्या हातात राहत नाही.

## ४. स्पॉटिंग : सर्वांत महत्त्वाची बैठक

कुठे संगीत सुरू होईल, कुठे थांबेल आणि का, हे ठरवायची बैठक म्हणजे स्पॉटिंग. दिग्दर्शक, संकलक, संगीतकार आणि जमलं तर ध्वनिसंयोजक एका खोलीत हवेत. ५२ मिनिटांच्या चित्रपटाला अर्धा दिवस काढून ठेवा. आधी पूर्ण चित्रपट न थांबवता पाहा, कुणीही बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीत थांबत थांबत.

एक जागा जवळून पाहू. नावाडी मुलाखतीत म्हणतो, ‘पूल चांगलाच आहे.’ मग चार सेकंद गप्प. मग म्हणतो, ‘मला पोहता येत नाही, हे आजवर कुणी विचारलंच नाही.’ आणि कट रिकाम्या होडीवर.

दिग्दर्शकाला त्या शांततेपासूनच तंतुवाद्याचा लांब सूर हवा असतो. बहुतेकांना तिथेच हवा असतो. पण सूर शांततेत शिरला की प्रेक्षकाला कळतं, आता काहीतरी हळवं येणार. वाक्यातला धक्का तिथेच गेला. त्या चार सेकंदांत दोराची करकर आणि पाणी तेवढं राहू द्या. वाक्य होऊ द्या. रिकाम्या होडीवर कट होऊ द्या. त्यानंतर दोन सेकंद थांबून संगीत येऊ द्या. तोवर प्रेक्षक स्वतः विचार करायला लागलेला असतो, आणि संगीत त्याच्या मागून चालतं.

ही जागा कागदावर अशी उतरते (क्यू म्हणजे संगीताचा एक तुकडा; वेळ टाइमकोडमध्ये, म्हणजे तास:मिनिट:सेकंद:फ्रेम अशी लिहितात, आणि चित्रपट ०१:००:००:०० ला सुरू होतो असं धरतात) :

> क्यू ३एम२ — ‘रिकामी होडी’
> सुरुवात ०१:३१:१४:१० (होडीवर कट झाल्यानंतर २ सेकंदांनी, कटवर नाही)
> शेवट ०१:३२:०५:०० (पुलावरच्या यंत्राचा आवाज सुरू होताना त्यात विरून)
> लांबी : ५० सेकंद १५ फ्रेम्स
> का : त्याने जे सांगितलं ते प्रेक्षकाला पचवायला वेळ हवा
> बोलणं : पहिली २५ सेकंदं नाही, पुढे मुलाचं बोलणं, त्याखाली धून नको
> नको : करुणा, सहानुभूती

३एम२ म्हणजे तिसऱ्या भागातला दुसरा संगीताचा तुकडा. अशी नावं सुरुवातीलाच द्या आणि शेवटपर्यंत बदलू नका. मधला एखादा तुकडा गळला तरी क्रमांक पुढे-मागे सरकवायचे नाहीत, तो क्रमांक रिकामा राहू द्यायचा.

‘का’ ही ओळ रिकामी राहिली तर तो क्यू काढून टाका.

बोलण्याची भाषा. दिग्दर्शकाने संगीताचे शब्द वापरायचा हट्ट धरू नये. ‘इथे मायनर घ्या’ म्हणून होणारं नुकसान ‘थोडं भावपूर्ण करा’ म्हणून होणाऱ्या नुकसानाइतकंच असतं. प्रेक्षकाबद्दल बोला : इथे त्याने नावाड्याच्या शेजारी बसायचं आहे की काठावरून पाहायचं आहे? त्याला नावाड्यापेक्षा जास्त माहीत आहे की कमी? संगीतकाराने नुसती मान डोलावू नये. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारावा : इथे संगीत ठेवलं नाही तर काय हातातून जाईल? उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच असतं.

तपासून घ्या : सगळ्या क्यूंच्या लांबीची बेरीज करा. ५२ पैकी ४० मिनिटं संगीत निघालं तर यादी परत हातात घ्या. सतत वाजणारं संगीत दहाव्या मिनिटानंतर ऐकू येईनासं होतं.

## ५. पहिला सूर लागण्याआधी करार

मैत्रीत काम करताना हा टप्पा हमखास टाळला जातो, आणि मैत्री तुटते तीही इथेच. कायदे देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे मसुदा वकिलाला दाखवा. पण पुढचे मुद्दे त्यात असलेच पाहिजेत.

संगीतात दोन वेगळे हक्क असतात : रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही कुणाकडे राहणार ते लिहा. संगीतकार हक्क देऊन टाकतो आहे की फक्त या चित्रपटापुरती वापराची परवानगी देतो आहे? परवानगी असेल तर कोणत्या माध्यमांत, कोणत्या प्रदेशांत, किती काळ? इथेच सापळा आहे. स्वस्त पडते म्हणून फक्त महोत्सवांपुरती परवानगी घेतात. पुढे एखादा ओटीटी मंच चित्रपट विकत घ्यायला येतो आणि त्याला सगळ्या माध्यमांचे हक्क हवे असतात. तेव्हा वाटाघाटीत तुमची बाजू पडलेली असते. आत्ता पैसे नसतील तर नंतरच्या वापराची रक्कम आत्ताच ठरवून करारात घाला.

दुरुस्त्यांची संख्या लिहा, आणि दुरुस्ती कशाला म्हणायचं तेही. मान्य झालेल्या क्यूत बदल मागणं ही दुरुस्ती. लॉकनंतर चित्र बदलल्यामुळे करावं लागलेलं काम वेगळं, आणि त्याचे पैसेही वेगळे. रक्कम टप्प्यांत ठेवा : काही सही करताना, काही कच्च्या रचना मान्य झाल्यावर, उरलेली अंतिम फाइल्स दिल्यावर. काम मध्येच थांबलं तर किती द्यायचे आणि रचना कुणाची, हेही.

चित्रीकरणात पकडलेलं संगीत विसरू नका. नावाडी वल्हवताना एखादं गाणं गुणगुणला, काठावर कुणाचा रेडिओ लागला होता, तर त्या गाण्याचे हक्क वेगळे मिळवावे लागतात. गाणं परंपरेतलं असलं तरी गाणाऱ्याची लेखी संमती लागते. आणि रेडिओवरचं गाणं बोलण्यात मिसळलेलं असेल तर मला ते नंतर वेगळं काढून देता येईलच असं नाही.

## ६. लॉक, आणि फाइल्स देणं

लॉक म्हणजे आता एक फ्रेमही हलणार नाही. माहितीपटात लॉक उघडतंच, ते गृहीत धरा. पण उघडलं की तोंडी कळवू नका. नवी आवृत्ती, नवं नाव, आणि कुठल्या टाइमकोडला किती फ्रेम्स वाढल्या किंवा कमी झाल्या याची यादी पाठवा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशी नावं देणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. तारीख आणि आवृत्ती क्रमांक पुरे.

संगीतकाराला द्यायच्या व्हिडिओत या गोष्टी हव्यात :

- चित्रावर छापलेला टाइमकोड, चित्रपट ०१:००:००:०० ला सुरू होणारा.
- सुरुवातीच्या दोन सेकंद आधी, म्हणजे ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा ‘टिंग’. त्यावरून दोन्हीकडचा मेळ लागतो.
- बोलणं आणि आवाज एका ट्रॅकवर, टेम्प दुसऱ्यावर.
- फाइलसोबत वेगळ्या ओळीत लिहिलेला फ्रेम रेट.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते. एका कामात चित्रपट २३.९७६ फ्रेम्सचा होता आणि संगीताचा प्रोजेक्ट सरळ २४ वर उघडलेला. पूर्ण संगीत एका लांब फाइलमध्ये आलं. पहिला क्यू चोख बसला, म्हणून आम्ही निर्धास्त. शेवटच्या प्रसंगात संगीत तीन सेकंद आधी येत होतं. कुणीतरी कट बदलला असणार म्हणून आम्ही अर्धी रात्र संकलकाला धारेवर धरलं. दोष फक्त ०.१ टक्क्याचा होता, तासाला ३.६ सेकंद. संकलकाची माफी मागायला दुसरा दिवस उजाडला.

तपासून घ्या : सगळे क्यू करायच्या आधी एकच छोटी फाइल उलट पाठवा. सुरुवातीला एक टिचकी, शेवटच्या मिनिटात एक टिचकी. दोन्ही चित्रावर जागच्या जागी बसल्या तरच पुढे.

## ७. कच्च्या रचना आणि त्यावरचं बोलणं

सर्वांत अवघड दोन क्यू आधी करा. शीर्षकसंगीताने सुरुवात करू नका. ते सगळ्यांना लगेच आवडतं आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘रिकामी होडी’ जमली की वाद्यं कोणती, किती आणि किती जवळून ऐकू यायला हवीत हे आपोआप ठरतं. ते मान्य झाल्यावरच बाकीचं रचायला घ्या.

कच्ची रचना नेहमी चित्रासोबत आणि बोलण्यासोबत ऐका. नुसती ऑडिओ फाइल प्रवासात ऐकून ‘मस्त’ कळवलेले क्यूच पुढे परत येतात. दोनदा पाहा, एक रात्र जाऊ द्या, मग लिहा. सगळ्यांची मतं एकाच माणसाने गोळा करून, आपसातले विरोध मिटवून, एकाच कागदावर टाइमकोडसह पाठवायची.

निरुपयोगी : ‘काहीतरी कमी वाटतंय.’
उपयोगी : ‘०१:३१:४० ला मुलगा बोलायला लागतो आणि मी त्याच्याऐवजी वाद्याकडे लक्ष देतो.’

उपाय सुचवू नका, अडचण सांगा. ‘बासरी काढा’ म्हटलं तर बासरी निघेल आणि अडचण तिथेच राहील.

बोलण्याखालचं संगीत. व्यंजनं स्पष्ट कळण्यासाठी साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो. तिथेच व्हायोलिन चढा सूर धरून बसलं की मला संगीत खाली ओढावं लागतं, आणि मग संगीतकार म्हणतो, माझं काम ऐकूच येत नाही. दोघांचंही खरं असतं. रचतानाच बोलण्याखाली लांब, स्थिर, खालच्या पट्टीतले सूर ठेवा, आणि धून दोन वाक्यांच्या मधल्या जागेत येऊ द्या.

आधीच असलेली लय. वल्ह्याचा आवाज दर दोन सेकंदांच्या आसपास येतो, पण माणूस घड्याळ नसतो; कधी पावणेदोन, कधी सव्वादोन. त्याखाली ६० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांचा, ठाम ठेका लावला की वल्हं चुकल्यासारखं वाटतं. इथे तीनच मार्ग आहेत : ठेकाच नको, किंवा वल्ह्याचा आवाज काढून ठेका ठेवा, किंवा क्लिक (वादकाच्या कानात वाजणारा मोजणीचा ठोका) बाजूला ठेवून वादकाला चित्र पाहत वाजवू द्या. तिसऱ्याला वेळ जास्त लागतो. मला तोच आवडतो.

## ८. ध्वनिमुद्रण

यात सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण तोवर सगळं ठरलेलं असायला हवं. न मान्य झालेला क्यू स्टुडिओत नेऊ नका. जास्त वादक लागणारे क्यू आधी घ्या, एकट्याचे शेवटी. प्रत्येक क्यूचा शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून गप्प बसायचं. सूर विरताना खुर्ची वाजली तर तो शेवट मला वापरता येत नाही. वादक बाहेर पडण्याआधी संमतिपत्रावर सही घ्या; नंतर मिळत नाही.

## ९. मला काय द्यायचं

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइल्स. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली तर ती सुमारे ९ टक्के जास्त वेगाने आणि जवळजवळ दीड सेमीटोन वर वाजते. गडबडीत हे लक्षातही येत नाही, फक्त ‘काहीतरी पातळ वाटतंय’ असं सगळे म्हणत राहतात.

प्रत्येक क्यूचं पूर्ण मिश्रण आणि त्याशिवाय स्टेम्स द्या, म्हणजे वाद्यगटांनुसार वेगळ्या फाइल्स : ताल, खालचे सूर, तंतुवाद्यं, धून, मानवी आवाज. चार-पाच पुरेत, वीस नकोत. सगळ्या एकाच क्षणी सुरू होणाऱ्या, सारख्या लांबीच्या. नावात क्यू क्रमांक, आवृत्ती आणि सुरुवातीचा टाइमकोड.

तपासून घ्या : सगळे स्टेम्स एकत्र वाजवले की पूर्ण मिश्रणच ऐकू यायला हवं. येत नसेल तर मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात त्या शेवटच्या ट्रॅकवर, काहीतरी लावलेलं राहिलं आहे. मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) काढूनच फाइल्स काढा.

## १०. मिक्सिंगच्या दिवशी

संगीतकाराने पहिल्या तासाला यावं, मग जावं, आणि शेवटच्या सलग पाहण्याला परत यावं. मधले तास त्याला त्रासाचे आणि मला अडचणीचे असतात.

आवाजाच्या पातळीची काळजी संगीतकाराने करू नये. ती पूर्ण चित्रपटाची मोजली जाते : युरोपीय प्रसारणाच्या ईबीयू आर १२८ नुसार उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं एकक), नेटफ्लिक्सच्या नियमानुसार संवादांवर मोजून उणे २७. संगीत मोठं करून पाठवल्याने चित्रपटात ते मोठं होत नाही.

इथे एखादा क्यू गळतोच. तो गाळायची परवानगी सगळ्यांची आधीच घेऊन ठेवा, कारण त्या क्षणी वाद घालायला वेळ नसतो. बोलणं सोडून संगीत आणि आवाज यांची वेगळी प्रतही याच दिवशी काढून घ्या. पुढे दुसऱ्या भाषेत डबिंग करताना ती लागते.

## ११. क्यू शीट आणि जपणूक

मिक्सिंग संपल्यावर क्यू शीट भरा, आधी नाही. त्यात प्रत्येक तुकड्याचं नाव, रचनाकार, प्रकाशक, प्रत्यक्ष वाजलेली लांबी आणि वापराचा प्रकार येतो : पार्श्वभूमीला, की पडद्यावर कुणी वाजवताना दिसतं आहे. प्रसारणानंतर संगीतकाराला हक्कसंस्थेकडून मिळणारी रक्कम याच कागदावर ठरते. स्पॉटिंगची जुनी यादी तशीच पाठवली, तर गळलेले क्यू त्यात राहतात आणि लांब्याही चुकतात.

स्टेम्स, सत्राच्या फाइल्स, करार आणि संमतिपत्रं दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. वर्षभराने कुणीतरी २६ मिनिटांची आवृत्ती मागतं, आणि ‘रिकामी होडी’ ५० ऐवजी ३१ सेकंदांची करावी लागते. तेव्हा पूर्ण मिश्रणातून कापत बसायचं, की स्टेम्स उघडून अर्ध्या तासात काम उरकायचं, एवढाच प्रश्न उरतो.